माळ घालण्याआधी आणि घातल्यानंतर

दारू सोडताना देवळाचा, भजनी मंडळाचा, मशिदीचा आधार कसा घ्यावा, याविषयी सातारा-सांगलीच्या वाचकांकडून आलेली काही पत्रे या वेळी घेतली आहेत. नावे छापलेली नाहीत. उत्तरे व्यसनमुक्तीच्या कामातले समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत.

आमचे मालक बारा वर्षं पितात. आता रोजच्या दोन क्वार्टर तरी होतात. सकाळी चहाचा कप धरवत नाही इतके हात हलतात, थोडी घेतली की थांबतात. येत्या एकादशीला माळ घालायचं त्यांनी आपणहून कबूल केलंय, त्या दिवसापासून दारू एकदम बंद. सासूबाई म्हणतात, मागं अशीच सोडली तेव्हा फिट आली होती. काय करू?
— एक भगिनी, ता. तासगाव

ताई, माळेचा बेत मोडू नका, फक्त तारीख पुढे घ्या. सासूबाईंनी सांगितलेली गोष्ट फार मोलाची आहे. सकाळची थरथर घोट घेतल्यावर थांबते आणि मागे सोडताना फिट आली होती, अशा माणसाने घरच्या घरी एकदम दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट आली तर ती बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: ताप चढतो, अंगावर किडे चालल्यासारखे वाटतात, समोर नसलेली माणसे दिसतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही.

नेमका इथेच मोठा घोळ होतो. माळ घातल्यावर तिसऱ्या रात्री माणूस भिंतीशी बोलू लागला की घरचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी लागले, नाहीतर माळ सोसली नाही. मग देवऋषी, अंगारा, उतारा, आणि दवाखाना गाठायला उशीर. हा दारू उतरतानाचा आजार आहे. उपचाराविना माणूस दगावू शकतो आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण यातून बाहेर येतात. त्यात एकादशी म्हणजे उपवास. शरीराला पाणी, अन्न आणि जीवनसत्त्वांची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवशी पोट रिकामे ठेवले जाते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. फिटचा इतिहास पहिल्याच वाक्यात सांगा. साधारण ५ ते ७ दिवस भरती करून गोळ्यांचा डोस चढवतात आणि मग पायरीपायरीने कमी करतात. सोबत बी-वन, म्हणजे थायमिन, देतात. गावात नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घेऊ नका. अंगात थायमिन नसताना साखर गेली तर मेंदूला इजा होऊ शकते. तोल जाणे, नजर स्थिर न राहणे, गोंधळणे ही तिची लक्षणे आहेत. भरतीच्या तारखेपर्यंत त्यांनी स्वतःहून दारू एकदम तोडू नये, हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण तसेच करा. मध्येच फिट आली किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले तर १०८ ला फोन करा.

माळ त्यानंतर चार-सहा आठवड्यांनी येणाऱ्या एकादशीला घालावी असे आमचे मत आहे. तोवर झोप, भूक आणि डोके ताळ्यावर आलेले असते आणि आपण काय कबूल करतो आहोत हे माणसाला समजत असते. ज्यांच्या हातून माळ घालायची त्या महाराजांना हे मोकळेपणाने सांगा. आजारी माणसाला थोडे थांबवण्यात कमीपणा नाही.

आमच्या गावात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. दारू सोडलेली तीन माणसं दिवाळीपासून यायला लागलीत. त्यांना धरून ठेवायला मंडळानं नेमकं काय करावं? सप्ताहात त्यांचा सत्कार करावा म्हणतो.
— भजनी मंडळाचे विणेकरी, ता. खानापूर

माउली, सत्कार करू नका. पहिल्या वर्षात तर अजिबात नको. नारळ-टॉवेल देऊन गावासमोर उभा केलेला माणूस पुढे घसरला की, जो एरवी पाय ओढत का होईना मंडळात परत येऊ शकला असता, तो त्या सत्कारामुळेच येत नाही. कीर्तनात त्याचे उदाहरण देऊ नये, त्याला अनुभव सांगायला उभे करू नये. कीर्तनकार बाहेरगावचे असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

मंडळाकडे जे आहे ते कुठल्याही दवाखान्याकडे नाही: संध्याकाळ. औषधाने थरथर थांबते, पण रोज सात वाजता कुठे जायचे हा प्रश्न औषधाने सुटत नाही. आता तुमची वेळ तपासा. हरिपाठ साडेसहाला सुरू होऊन साडेसातला संपत असेल, तर खरी अवघड वेळ, साडेसात ते साडेनऊ, मोकळीच राहते. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते, तेवढा वेळ माणूस एकटा राहू नये. हरिपाठानंतर चहा ठेवा, तासभर चालींचा सराव ठेवा. घरी जाताना वाटेत देशीचे दुकान लागत असेल तर त्याच आळीतला कोणीतरी बरोबर चालू दे. हे काम नेमून द्या. ‘बघतील कोणीतरी’ म्हटले की कोणीच बघत नाही.

त्यांना नुसते बसवून ठेवू नका. टाळ लवकर हाती बसतो, पखवाजाला वर्षे लागतात, म्हणून ज्याला ताल कळतो त्याला पखवाज शिकवा. रोज काहीतरी अर्धवट राहिलेले असले की दुसऱ्या दिवशी यायला कारण असते. ज्याला गाणे-वाजवणे जमत नाही त्याच्याकडे सतरंज्या, समया, पाणी द्या. मात्र सप्ताहातला रात्रीचा विण्याचा पहारा पहिले काही महिने देऊ नका. दारू सुटल्यावर झोप कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने तुटक राहते आणि जागरणाने ती पुन्हा बिघडते. झोप गेली की चिडचीड येते, आणि चिडचिडीमागून तलफ. काकडा चालेल, कारण सकाळी घोट लागणाऱ्या माणसाला पहाटे उठून जायला ठिकाण मिळते. तेही रात्री लवकर झोपला असेल तरच.

वर्गणीचे पैसे त्यांच्याकडे देऊ नका. यात अविश्वास नाही. खिशात रोख आणि विट्याच्या बाजारात एकटा, हा जोड नव्या माणसाला पेलत नाही. ऊसबिल, बेदाण्याचे पैसे, पगार, सगळ्यांचे हेच. घरच्यांच्या संमतीने काही महिने पैसे पत्नीच्या खात्यावर जाऊ द्यावेत.

तुमच्या तालुक्यात एक जास्तीची गोष्ट आहे. गलाईचे, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यातले, लोक देशभरातून जत्रेला, दिवाळीला गावी येतात, सोबत पैसा आणि जुने दोस्त असतात. त्या आठ-दहा दिवसांत या तिघांना रोज भेटा. तिघांपैकी कोणी स्वतः गलाईवर परत जाणार असेल तर त्याचे मंडळ इथेच राहते, हे विसरू नका. तिथल्या शहरातली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, सभा निघण्याआधीच शोधून द्यावी, आणि रोज हरिपाठाच्या वेळी त्याला फोन लावून समोर ठेवावा.

आणि एक ठराव आजच करून ठेवा. कोणी पिऊन आला तर काय करायचे? आमचे म्हणणे असे: त्याने त्या दिवशी वाद्याला हात लावू नये, मागे बसावे, दंगा करू लागला तर दोघांनी घरी पोचवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांपैकीच एकाने जाऊन ‘संध्याकाळी ये’ एवढेच सांगावे. हे आधी ठरलेले नसले की ऐन वेळी सर्वांत तापट माणूस ठरवतो. महिला भजनी मंडळ असेल तर त्यातल्या एकीने त्या तीन घरांत जात-येत राहावे. घरच्या बाईला नवऱ्यावर पाळत ठेवणारी शिपाई करू नये, तिलाही बोलायला कोणी हवे असते.

माळ घातल्यावर सात महिने शिवली नाही. गावच्या जत्रेत पाहुण्यांनी आग्रह केला, एक घेतली, मग तीन दिवस चालूच. आता बंद आहे. माळ काढून देव्हाऱ्यात ठेवलीय. मंडळातले म्हणतात, माळेला बट्टा लावला. कुठल्या तोंडानं जाऊ?
— एक वाचक, ता. माण

दादा, सात महिने पुसले गेलेले नाहीत. तुमच्या यकृताला, झोपेला, घरातल्या मुलांना त्या महिन्यांचा जो फायदा झाला तो झालाच आहे. एकदा घेणे ही घसरण. ‘आता मोडलेच आहे तर मोडू दे’ म्हणून पुढचे तीन दिवस पिणे, हे लाजेचे काम. म्हणून घाई लाज आवरण्याची करायची आहे, माळेची नंतर.

आज एका माणसाला सांगा. ज्याचा राग लवकर निवतो असा मंडळातला एक निवडा. उद्या डॉक्टरांना सांगा, गोळ्या बंद केल्या असतील तर तेही सांगा. तीन दिवस सलग घेतली आहे, तेव्हा थरथर किंवा घाम आहे का, हे पहिल्या पत्राच्या उत्तरात दिल्याप्रमाणे चार दिवस पाहा. परवापासून हरिपाठाला जा, माळ गळ्यात नसली तरी. हरिपाठ म्हणायला माळेची अट नाही. माळ पुन्हा कधी, कशी घालायची हे ज्यांच्या हातून घातली त्यांना विचारा. ते त्यांचे क्षेत्र आहे. तिच्यासाठी थांबून मंडळ टाळू नका.

मंडळातल्यांनाही आमचे कळकळीचे सांगणे आहे. ‘माळेला बट्टा’ हे शब्द ऐकून आजवर कोणाची दारू सुटलेली आम्ही पाहिलेली नाही. त्या शब्दांनी माणूस तुटतो, आणि तुटलेला माणूस जातो तो दारूवाल्या दोस्तांतच, कारण तिथे त्याला कोणी काही विचारत नाही.

पुढच्या जत्रेची आखणी आतापासून करा. तुमच्याकडच्या जत्रेत मटणाचे जेवण, पाहुण्यांची पंगत आणि बाटली एकत्रच येतात, त्यामुळे ‘मी घेणार नाही’ हा नुसता निश्चय पुरत नाही. पाहुण्यांना आठ दिवस आधी फोनवर सांगा की औषध चालू आहे, दारू घरात येणार नाही. पंगत दुपारी उरकून घ्या. संध्याकाळी देवळात किंवा पालखीसोबत काम मागून घ्या. तेही जमणार नसेल तर त्या वर्षी जत्रा सोडून बहिणीकडे जा. देव रागावणार नाही.

एका बाबांकडून पावडर आणलीय. नवऱ्याला न कळता आमटीत घालायची. गुण येतो म्हणतात. घालू का?
— एक भगिनी, ता. पलूस

घालू नका. त्यात काय आहे हे पुडीवर नसते. दारूशी झगडा करणारे डायसल्फिरामसारखे औषध असेल, तर त्यावर दारू पोटात जाताच चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असला तर जीव जाऊ शकतो, आणि डॉक्टरला कारण कळत नाही, कारण खाणाऱ्यालाच ते ठाऊक नसते. हेच औषध डॉक्टर देतात तेव्हा माणसाची संमती घेतात, यकृत व हृदय तपासतात, शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास जाऊ देतात, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारू चालणार नाही असे बजावतात. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत आणि काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असते, तेही टाळावे लागते.

त्यांच्या संमतीने, रोज देवपूजा झाल्यावर तुमच्या समोर गोळी घ्यायची असे ठरले, तर ती बहुधा चुकत नाही. चोरून दिलेले मात्र एक दिवस उघड होते आणि मग ते तुमच्या हातचे जेवायचे बंद होतात.

बाबा किंवा देवऋषी बांधून ठेवायला, मारायला सांगत असतील तर तिथून निघून या. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दारू सोडून दोन महिने झाले. माउलींची पालखी लोणंदला आली की तिथून पंढरपूरपर्यंत चालत जायचा विचार आहे. जाऊ का?
— एक वाचक, ता. खंडाळा

डॉक्टरांनी पाय तपासून दिले तर जरूर जा. बऱ्याच वर्षांच्या दारूने तळपाय बधिर होतात. तिथे फोड आला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून रोज मुक्कामावर तळवे डोळ्यांनी बघायचे. गोळ्या पुऱ्या दिवसांच्या, वर चार दिवसांच्या जास्त घ्या, आणि त्यांतल्या निम्म्या गोळ्या दिंडीच्या विणेकऱ्याजवळ ठेवा. पंढरपुरात आषाढी एकादशीला निर्जळी धरू नका. दिंडीत तंबाखू-चुन्याची डबी हातोहात फिरते. दारूच्या जागी ती येऊ देऊ नका, आणि आधीपासून खात असाल तर तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

वारीत तुम्ही प्याल याची आम्हाला फारशी धास्ती नाही. धास्ती आहे ती परतीची. इतके दिवस हजारोंच्या संगतीत चाललेला माणूस एसटीतून एकटा उतरतो, अंग थकलेले, घर तेच, चौक तोच. परतल्यावरचे आठ दिवस कोणासोबत, कुठे, हे निघण्याआधी ठरवून ठेवा.

मुलगा रमजानचा पूर्ण महिना पीत नाही. ईद झाली की आठवड्यात पुन्हा सुरू. महिनाभर राहू शकतो म्हणजे व्यसन नाही ना?
— एक आई, मिरज

आपा, श्रावण पाळणाऱ्यांच्या घरूनही हाच प्रश्न येतो. महिनाभर थांबता येणे म्हणजे व्यसन नसणे नव्हे. दोन गोष्टी बघा: पहिले तीन-चार दिवस कसे गेले, आणि शेवटच्या आठवड्यात त्याचे मन कुठे होते. सुरुवातीला थरथर, घाम, झोपेचा नाश असेल, तर पुढच्या वर्षी चांद दिसण्याच्या निदान दोन आठवडे आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू बंद करायला हवी. रोजा आणि दारू उतरणे एकाच दिवशी सुरू होऊ देऊ नका. औषधे चालू असतील तर ती सहेरी (पहाटेचे खाणे) आणि इफ्तारच्या वेळी डॉक्टरांकडून बसवून मागा. आजारात रोजा न ठेवण्याची सवलत आहे, मौलानांना विचारा.

रमजानमध्ये तो का राहतो? त्याच्या दिवसाला खांब असतात: सहेरी, इफ्तार, तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज), रात्री उशिरापर्यंत सोबत. ईदच्या दिवशी हे सगळे एकदम निघते, आणि रिकामी झालेली नेमकी रात्रच असते. तेव्हा एखादा खांब उभा ठेवा. ईदनंतरच्या शव्वाल महिन्याचे सहा रोजे आहेत, ते ठेवता येतील. इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज जमातीने आणि नंतर एखाद्या वडीलधाऱ्यासोबत घरी येणे, एवढे ईदनंतर तीन महिने टिकवा. ईदच्या आठवड्यातच समुपदेशकाची भेट घेऊन ठेवा.

मी देव मानत नाही. भजनी मंडळ माझ्यासाठी नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसमध्येही प्रार्थना असते म्हणे. मग मी कुठे जाऊ?
— एक वाचक, सातारा

तुम्ही साताऱ्यात आहात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्या अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य घालवलेल्या माणसाने इथे ‘परिवर्तन’ संस्थेतून व्यसनमुक्तीचे काम उभे केले. तेव्हा सुटण्यासाठी देव मानलाच पाहिजे असे नाही. उपचार, समुपदेशन आणि रोजची संगत ही तिन्ही देवाशिवाय मिळतात.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे हे खरे, पण त्याला ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी जोड आहे, आणि अनेक सदस्य त्या जागी आपला गटच धरतात. सदस्य होण्याची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नसते, डबीत कोणी दहा रुपये टाकले, कोणी नाही टाकले, तरी चालते. सभा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरली तरी ती त्या चर्चची नसते. पहिल्यांदा जाताना बोलावे लागत नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प बसलात तरी चालते. एका सभेवरून ठरवू नका, निदान सहा सभांना बसा, आणि जमले तर दोन वेगळ्या गटांत. सुरुवातीला रोज गेलेले बरे. ९० दिवसांत ९० सभा असा जुना प्रघात आहे. गावात रोज सभा नसेल तर मधल्या दिवशी गटातल्या जुन्या सदस्याला फोन करायचा.

तेही नको वाटले तर रोज संध्याकाळी ठरल्या वेळी जिथे तुमची वाट पाहिली जाते अशी कुठलीही जागा चालेल: तालीम, वाचनालय, नाटकाची तालीम, अजिंक्यताऱ्यावर चालायला जाणारा गट. तिथे दारू नसावी, आणि तुम्ही आला नाहीत तर त्याच रात्री कोणीतरी फोन करावा, एवढ्या दोन गोष्टी बघून घ्या. घरच्यांसाठी अल-अॅनॉन हे वेगळे गट आहेत. तुम्ही जा किंवा न जा, पत्नीला तिथे जाता येते. सभा कुठे भरते ते कळत नसेल तर नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. टेलिमानसवर मराठीत बोलता येते.